आयर्विनला किती झाले?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'कसं काय'च्या आधी एक प्रश्न येतो : "आयर्विनला किती?" बाहेरच्या माणसाला वाटतं, कुठंतरी मॅच चालू आहे. उत्तरही अगदी स्कोअरसारखंच मिळतं : "अडतीस-चार." म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फूट ४ इंच. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, हा आमचा रन रेट. आणि स्कोअर चाळिशीकडे सरकला की अख्खं गाव पुलावर! छत्र्या, कागदातली गरम भजी, बापाच्या खांद्यावर पोरं, हल्ली सेल्फीसुद्धा. तिकीट नाही, पार्किंग नाही, इंटरव्हल नाही. सांगलीसारखा पूर बघावा सांगलीकरांनीच.

मी खोटं कशाला बोलू? मीही गेलेय. २००५ च्या पुरात मी पंधरा वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती आणि मैत्रिणींबरोबर पाणी बघणं हा त्या वर्षीचा सगळ्यात भारी टाइमपास होता. त्या वेळी स्कोअर ५३ च्या पुढे गेला. आमचं घर गावभागात. पाणी ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, थांबलं आणि परत गेलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या पायरीवर ऑइलपेंटनं एक लाल रेघ मारली. पुढची चौदा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रेघ ते वर्ल्ड कप दाखवावा तशी दाखवत होते.

आता माझी ओळख करून द्यायला हवी. माहेर सांगली, सासर सातारा, नोकरी पुण्यात. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून खंबाटकी ओलांडणाऱ्या त्या हजारो गाड्यांतली एक माझी. एका डब्यात जाताना बाकरवडी, येताना एक तर कंदी पेढे नाही तर भडंग. नवरा मला चिडवतो, की सांगलीच्या पुरालाही आमचाच सातारा लागतो. आणि ते खरंच आहे हो! कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. सासरी पाऊस पडला की पाणी माहेरी येतं. पण लगेच येत नाही. मधे वेळ मिळतो. हा वेळ म्हणजे आमच्यासारख्या गावाला निसर्गानं दिलेली लॉटरी. भूकंप असा फोन करून येत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर हादरलं, तेव्हा कुणाला उठून बसायलाही वेळ मिळाला नव्हता.

त्या लॉटरीचं आम्ही काय करतो? पुलावर जाऊन भजी खातो.

२०१९ चा जुलै आठवून बघा. वर्ल्ड कपची सेमीफायनल, धोनी रनआऊट झाला तो क्षण. तेव्हा मी कुठं बसले होते, हातात काय होतं, शेजारचा कलीग काय बोलला, सगळं मला आजही आठवतं. त्यानंतर महिन्याभरात आयर्विनचा स्कोअर पन्नाशीकडे चालला होता आणि मला एवढंही माहीत नव्हतं, की किती फुटांना पाणी आमच्या उंबऱ्याला लागतं! अण्णांना फोन केला, "निघा तिथून." त्यांचं उत्तर ठरलेलं : "अगं, पाच सालीच तिसऱ्या पायरीवर थांबलंय. ह्याच्यावर कुठं जातंय?" मी गप्प बसले. माझ्याकडे तरी ती लाल रेघ सोडून दुसरा कुठला आकडा होता?

त्या वर्षी आकडा साडेसत्तावन्न फुटांवर गेला. आमच्या घरात कमरेएवढं पाणी. आई-अण्णा शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर. शेवटचा फोन ७ ऑगस्टला आला : "उद्या बोट येईल म्हणतायत, बोटीनं निघू." मग फोन बंद. लाइट नाही, तर चार्जिंग कुठलं? शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. ज्यांच्या घरी मी लहानपणी अर्धी उन्हाळ्याची सुट्टी काढली, त्यांचा नंबर!

८ ऑगस्टला दुपारी ऑफिसच्या पँट्रीत टीव्हीवर पट्टी फिरायला लागली : सांगली जिल्ह्यात बोट उलटली. पुढं गावाचं नाव यायला किती सेकंद लागले असतील? चार? पाच? मी ते अजून मोजतेय. ब्रह्मनाळ. पलूस तालुका. म्हणजे आमची नव्हे. मी चक्क सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्याच मिनिटाला स्वतःची शरम वाटली. येरळा आणि कृष्णेच्या संगमावरचं ते गाव. पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि दहाच्या वर जीव गेले. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. हे लोक पूर बघायला गेले नव्हते. ते घर सोडून सुरक्षित जागी निघाले होते, नेमकं जे करा म्हणून आपण त्यांना सांगतो, तेच करत होते. फक्त ते उशिरा झालं आणि बोटी पुरेशा नव्हत्या.

माझे आई-अण्णा १० तारखेला बाहेर आले. आईनं पहिलं वाक्य काय म्हणावं? "गोळ्यांचा डबा खालीच राहिला गं." अण्णांच्या बीपीच्या गोळ्या तीन दिवस नव्हत्या.

असो. सांगलीवर फार झालं, नाहीतर सासरचे म्हणतील, आमचं काहीच नाही का!

सातारकरांचं खेळाचं वेड वेगळ्याच लेव्हलचं आहे. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ च्या हेलसिंकीत ब्राँझ. माणदेशातली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला धावली. अदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ ला, तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन. आणि २०१२ पासूनची हिल हाफ मॅरेथॉन! माझा नवरा एरवी दूध आणायलाही गाडी काढतो, तो यवतेश्वरचा घाट पळत चढतो. ती रेस मी कडेला उभी राहून बघितलीय. पाण्याचे टेबल, केळी, रस्त्यात ढोल-लेझीम, ॲम्ब्युलन्स, पाय चोळून द्यायला फिजिओ, प्रत्येकाच्या छातीवर नंबर. कोण कुठल्या मिनिटाला कुठं होता, हे चिप सांगते. एकवीस किलोमीटरमध्ये हजारो माणसं, आणि एकही हरवत नाही. म्हणजे आपल्याला जमतं की! गर्दीचं प्लॅनिंग ही काही परदेशातली जादू नाही, ती दर वर्षी एका रविवारी साताऱ्यात होते. कासच्या पठाराचंही तेच. फुलं तुडवली जायला लागली, तेव्हा ऑनलाइन बुकिंग आलं आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली. फुलांसाठी केलं ते बरंच केलं. पण माणसं तुडवली गेल्यावर माणसांसाठी आपण इतक्या पटकन काही करतो का, असा खवचट प्रश्न मला कासला दर वेळी पडतो.

कारण तिथून फार लांब नाही मांढरदेव. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. डोंगरावरचं मंदिर, अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना खेटून दुकानं. चेंगराचेंगरी झाली, मग दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळपास तीनशे माणसं गेली. सासूबाई त्या दिवशी शेजारणींबरोबर निघालेल्या, पण वाईत गाडी बंद पडली म्हणून वर पोचल्याच नाहीत. आमच्या घरात काळूबाईनं वाचवलं असं म्हणतात. सासरे म्हणतात, क्लचप्लेटनं. हा वाद वीस वर्षांत मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही.

त्या घटनेची न्यायालयीन चौकशी झाली, न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला. आता यात्रेच्या दिवसांत पशुहत्येवर, नारळ फोडण्यावर, वाद्यांवर बंदीचे आदेश निघतात. म्हणजे शहाणपण आलं, पण त्याची किंमत बघा. आणि आलेलं शहाणपण डोंगर उतरून खाली येतं का? ४ जून २०२५ ला बेंगळुरूत आयपीएलच्या विजयाचं सेलिब्रेशन होतं. चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून गेले. आदल्या रात्री टीम जिंकली आणि दुसऱ्या दिवशी जल्लोष! एका रात्रीत कसलं प्लॅनिंग होणार? आपल्याकडे भक्त आणि फॅन यांत फरक फक्त टी-शर्टचा असतो. ढकलाढकली सुरू झाली की दोघांचीही छाती सारखीच दाबली जाते. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मिरवणूक होती. त्या तुफान गर्दीनं एका ॲम्ब्युलन्सला वाट करून दिली, तो व्हिडिओ तुम्हीही दहा जणांना फॉरवर्ड केला असेल. मीही केला. पण आपलं पब्लिक चांगुलपणानं बाजूला सरकेल, हा काही प्लॅन होऊ शकत नाही, बॉस!

नाटकाचं तर बोलायलाच नको. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीता स्वयंवर' इथंच केलं. नाटकाला आम्ही मोबाइल बंद करून बसतो, निदान तसं समजतो तरी. पण एक्झिट कुठंय, हे बसायच्या आधी कधी बघितलंय? मी २०२४ पर्यंत एकदाही नाही. त्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री (पुन्हा तीच तारीख!) शेजारच्या कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खेटूनच खासबाग मैदान, कुस्तीची पंढरी. खेळ आणि नाटक एकाच भिंतीला टेकून उभे, आणि आग लागल्यावर दोघांनाही एकच धग. प्रेक्षागृहात त्या वेळी प्रयोग चालू नव्हता. असता तर? १९९७ ला दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये चालू होता. ५९ माणसं गेली.

आता तुम्ही म्हणाल, बाई वीकएंडचा मूड घालवते. बरं, मग ऑफिसचं सांगते. आमच्याकडे वर्षातून दोनदा फायर ड्रिल होतं. ते कधी आहे, हे सगळ्यांना आदल्या दिवशी कळलेलं असतं. भोंगा वाजला की निम्मे लोक कॉलवर असल्याचं नाटक करतात, निम्मे लॅपटॉप, जॅकेट आणि डबा घेऊन निघतात. असेंब्ली पॉइंटला कुणी थांबत नाही, कारण दहा पावलांवर चहाची टपरी आहे. मीही त्यातलीच. २०२३ ला सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारी अलर्टची टेस्ट आली होती, आठवतंय? तो भयंकर भोंगा वाजला तेव्हा आमच्या मीटिंगरूममध्ये पहिली रिॲक्शन होती, "अरे, हे म्यूट कसं करायचं?"

मला वाटतं, आपली खरी गोची इथंच आहे. आपण तयारीला बोअर समजतो. मॅचची तयारी, ट्रेकची, लग्नातल्या संगीताची तयारी आपण महिनाभर करतो, कारण त्यात मजा आहे. संकटाच्या तयारीत मजा नाही, आणि संकट आलं नाही तर ती फुकट गेल्यासारखी वाटते. अण्णांचंही तेच होतं. उगाच घर सोडून गेलो आणि पाणी आलंच नाही, तर गल्लीत हसं होईल, ही भीती त्यांना पाण्यापेक्षा मोठी होती. सरकारनं हे करावं, ते करावं, याची यादी माझ्याकडेही आहे. बोटी, धरणांतला विसर्ग, नदीच्या काठाशी झालेली बांधकामं. २०१९ नंतर वडनेरे समितीनं त्यावर सविस्तर अहवालही दिलाय. पण शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता, हे कुठल्या समितीच्या माथी मारू?

म्हणून त्या दिवाळीत आम्ही एक काम केलं. आयर्विनचा आकडा आणि आमची पायरी यांचा हिशेब मांडला. ५३ च्या थोडं वर तिसरी पायरी, त्यापुढं फूटभर चढलं की घरात. पण गल्लीच्या तोंडाशी खोलगट भाग आहे, तिथं पाणी त्याच्या खूप आधी येतं आणि मग घर कोरडं असूनही निघता येत नाही. हे आम्हाला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मग ठरलं : अडतीस झाले की निघायचं. विश्रामबागला मावशीकडे. एका बॅगेत कागदपत्रं, गोळ्या, चार्जर, टॉर्च. चार शेजाऱ्यांचे नंबर वहीत, पेननं लिहिलेले. अण्णांनी अर्थातच आधी नाक मुरडलं. मग आई म्हणाली, "बॅग मी भरते, तुम्ही फक्त स्कोअर बघा." त्यावर खूश झाले. कॉमेंटेटरची नोकरी मिळाली ना!

२०२१ च्या जुलैत आकडा ५५ च्या जवळ गेला, घरात घोट्याएवढं पाणी आलं आणि दोघं मावशीकडे बसून टीव्हीवर ऑलिम्पिक बघत होती. मीराबाई चानूचं सिल्व्हर मला अण्णांनी फोन करून सांगितलं, घरात पाणी शिरल्याचं त्यानंतर.

गंमत पुढची आहे. मधल्या एका वर्षी अडतीस झाले, दोघं नियमाप्रमाणे निघाली, आणि पाणी चाळिशी न गाठताच उतरलं. गल्लीत व्हायचं ते हसं झालंच. समोरचे काका म्हणाले, "काय मास्तर, पिकनिक झाली का?" रात्री अण्णांचा वैतागून फोन : "फुकट गेलो बघ." मागून आईचा आवाज आला, "फुकट कसलं? मालिकेचा एक भाग बुडाला, एवढंच. आणि त्या काकांना म्हणावं, पुढच्या खेपेला मावशीकडे अजून एक खोली रिकामी आहे."