पिल्लू घेताय? मग आधी त्याची आई बघा

मोबाईलवर फोटो येतो. गोल डोळ्यांचं, जाडजूड पायांचं, सोनेरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू. खाली मजकूर, "४५ दिवसांचं, डबल बोन, व्हॅक्सिन डन, विदाउट पेपर." समजा, चिरनेरमधल्या एखाद्या घरातून या नंबरवर फोन गेला. मुलं आधीच नाव ठरवून बसलेली असतात. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलतो. "यायची गरज नाही दादा, आम्हीच आणून देतो. पळस्पे फाट्यावर भेटू, नाही तर कळंबोली सर्कलला." जीपे होतं, खोक्यातून पिल्लू हातात येतं आणि गाडी निघून जाते.

हे पिल्लू कुठे जन्मलं, त्याची आई कशी आहे, तिथे आणखी किती कुत्री कोंडलेली आहेत, यातलं काहीही घेणाऱ्याला कळत नाही. आणि कळू नये हाच फाट्यावरच्या भेटीचा फायदा असतो.

१९३०च्या जंगल सत्याग्रहासाठी ओळखलं जाणारं चिरनेर आता बंदर, कंटेनर यार्ड आणि पनवेलच्या वाढत्या वस्तीने वेढलं गेलंय. फार्महाऊसला राखण हवी, नव्या फ्लॅटमध्ये मुलांना सोबत हवी. मागणी वाढली की पुरवणारेही वाढतात. त्यांच्यातला जबाबदार ब्रीडर कसा ओळखायचा?

४५ दिवसांत गडबड काय आहे?

आपल्याकडे पिल्लू ४५ दिवसांचं झालं की द्यायचं, हा जणू रिवाजच झालाय. पण केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांबाबत जे नियम लागू केले, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे जाहिरातीतला पहिलाच आकडा नियम मोडणारा असतो, आणि तो बिनधास्त लिहिलेला असतो.

हे ११ दिवस कशासाठी? एक कारण वागणुकीचं. आईच्या आणि भावंडांच्या संगतीत पिल्लू चावण्याची ताकद आवरायला शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं आणि खेळ थांबतो. हा धडा माणसाने शिकवायचा म्हटलं तर महिने जातात आणि हातांवर ओरखडे येतात ते वेगळेच.

दुसरं कारण जिवाचं. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेलं संरक्षण याच सुमारास ओसरू लागतं आणि लसीचा परिणाम अजून पुरता झालेला नसतो. या फटीत पार्व्हो शिरतो. उलट्या, रक्ताची जुलाब, अंगातलं पाणी संपणं, आणि वेळेवर सलाईन मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांत मृत्यू. पार्व्होचा संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे रविवारी फाट्यावर उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी आडवं पडतं. फोन केला की उत्तर तयार असतं, "आमच्याकडे तर मस्त होतं. तुम्ही काय खायला दिलंत?" घरचे लोक मग दूध दिलं म्हणून स्वतःलाच दोष देत बसतात, आजार मात्र खोक्यातूनच आलेला असू शकतो.

पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. एक पिल्लू गेलं म्हणून मुलांच्या समाधानासाठी लगेच दुसरं आणलं आणि त्याच्या लसी पूर्ण नसल्या, तर तेही त्याच वाटेने जाण्याची भीती असते.

"व्हॅक्सिन डन" हे शब्दही फसवे आहेत. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे डोस पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. ४५ दिवसांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण होणं शक्यच नाही, फार तर एक डोस झालेला असेल. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का आहे का, ते बघा. नुसती पेनाने टिकमार्क केलेली असेल तर त्या कार्डाला अर्थ नाही.

पेपर म्हणजे नेमका कुठला पेपर?

बाजारात "पेपर" म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं प्रमाणपत्र. त्यात पिल्लाची वंशावळ असते. पण वंशावळ कळली म्हणजे ते सुदृढ आहे असं नाही, आणि विकणाऱ्याला परवानगी आहे असंही नाही. परवानगीचा कागद वेगळा. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आणि या नियमांत ब्रीडर म्हणजे फक्त कुत्री पाळणारा नाही, मधला दलाल आणि व्यापारीही त्यात येतात. "मी फक्त मध्ये आहे" ही सबब चालत नाही.

याच नियमांत मादीसाठीही मर्यादा आहेत. १८ महिन्यांआधी तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नकोत आणि आठ वर्षांनंतर तर नकोच. म्हणून विचारायचा खरा प्रश्न असा: "हिचं हे कितवं वेत? आधीचं कधी झालं?" नीट काम करणाऱ्याकडे याची नोंद असते. "डबल बोन"चा पेपर मात्र कुणी मागू नये, कारण असा प्रकार शास्त्रात नाहीच. जाड हाडांच्या पिल्लाला बाजाराने दिलेलं ते नाव आहे, दर वाढवायला.

जाऊन काय बघायचं?

कागद बनवता येतात. आई आणि जागा बनवणं अवघड. म्हणून पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाणं, ही एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

आई पिल्लांजवळ मोकळी आहे का, माणसं आल्यावर ती शेपूट हलवते की कोपऱ्यात दबते, तिला पाजायला देते का, हे दहा मिनिटांत दिसतं. बाळंत झालेली मादी थोडी वाळलेली असते, केस गळलेले असतात. त्याने घाबरू नका. बापाचं कुत्रं तिथे नसेल तरी हरकत नाही, चांगले ब्रीडर मुद्दाम बाहेरचा नर शोधतात. पण आईच नसेल, "ती गावी आहे", "ती चावते" अशी कारणं येत असतील, तर ती पिल्लं तिथली नसण्याचीच शक्यता जास्त. एकाच शेडमध्ये पग, हस्की, शिह त्झू, जर्मन शेफर्ड असं सगळं एकदम मिळत असेल तर ते बहुधा दुकानच समजायचं.

पिल्लाची शेपूट उचलून खाली जुलाबाचे डाग आहेत का बघा. सडपातळ अंगावर टम्म फुगलेलं पोट दिसलं तर जंत असू शकतात. कानामागे, बोटांच्या मध्ये गोचीड शोधा. कोकणातल्या दमट हवेत गोचीडतापाचा त्रास काही थोडा नाही. दात पाहिले तरी वयाचा अंदाज येतो. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे दात जवळपास सगळे आलेले असतात. हिरड्या बोडक्या असतील तर सांगितलेलं वय खोटं.

"बाहेरच्यांना आत सोडत नाही, पार्व्हो येतो" असं कुणी म्हणालं तर ते सरसकट खोटं नसतं. चपलांवरून विषाणू येतोच. पण जबाबदार ब्रीडर चपला बाहेर काढायला लावतो, हात धुवायला लावतो, एका दिवसात दोन ठिकाणी फिरून येऊ नका म्हणून बजावतो आणि मग दाखवतो. शिवाय तो उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. दिवसा घरी कोण असतं? साखळीला बांधणार का? नाही जमलं तर पिल्लू परत माझ्याकडेच आणाल ना? याचा राग येऊ देऊ नका, हा माणूस बरा आहे.

हस्की की कारवान?

पावसाळ्यात चिंब आणि मे महिन्यात घामाने भिजवणाऱ्या या पट्ट्यात सायबेरियन हस्की विकणाऱ्याला हवामानाबद्दल काय वाटतं, ते विचारून बघायला हरकत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वास घेतानाच दम लागतो. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार आनुवंशिक असतो, म्हणून आई-बापाचा खुब्याचा एक्स-रे मागणं रास्त आहे. तो दाखवणारे थोडेच भेटतील.

राखणीला कुत्रं हवं असेल तर आपल्याच मुलखातलं एक घराणं आहे. मराठवाड्यात कारवान म्हणून पाळलं जाणारं शिकारी कुत्रं आणि पूर्वी घोरपड्यांचं संस्थान असलेल्या मुधोळचं मुधोळ हाउंड. मुधोळवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठी संशोधन केंद्र आहे. अर्थात या कुत्र्याला रोज मोकळं धावायला लागतं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतील. आणि गावातलं गावठी पिल्लू घेतलं तर ब्रीडर शोधायचीच गरज नाही, लसी मात्र त्यालाही तितक्याच लागतात.

पैसे देण्याआधी

व्यवहार ठरला तर पावती घ्या. त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख आणि दिलेल्या लसी लिहून घ्या. दोन-तीन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासणी आणि आजार निघाला तर पैसे परत, एवढी अट त्याच कागदावर आणा. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तेच पुरावे लागतात. जनावरांचे हाल दिसले तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

आणि शेडमधलं आजारी पिल्लू बघून "आपण तरी याला सोडवू" असं वाटलं, तर थोडं थांबा. ते विकत घेतलं की त्याची रिकामी झालेली जागा भरायला त्याच मादीला पुढच्या वेताला लावलं जातं.