जर्मन द्विपंखी कसरती विमाने
जर्मन द्विपंखी कसरती विमाने : हवाई कसरतींसाठी व वैमानिकांच्या प्रगत प्रशिक्षणासाठी दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात जर्मनीत तयार झालेली, एकावर एक अशा दोन पंखांची हलकी विमाने. उभे वळसे घेणे, स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरणे, उलटे उडणे, भोवऱ्याप्रमाणे गरगरत खाली येणे व त्यातून सावरणे या क्रियांचा हवाई कसरतींत समावेश होतो.

पार्श्वभूमी : व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे युद्धातील अनेक वैमानिक क्रीडा-उड्डाण व जाहीर प्रयोग यांकडे वळले. पहिल्या महायुद्धात ६२ विमाने पाडणारा एर्न्स्ट ऊडेट (१८९६–१९४१) हा त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय होय. ‘फ्लामिंगो’ या द्विपंखी विमानाच्या पंखाच्या टोकाने जमिनीवरील हातरुमाल उचलण्याचा त्याचा प्रयोग पाहण्यास मोठे जनसमुदाय लोटत. गेरहार्ट फीझलर (१८९६–१९८७) याने कसरतींना अधिक शास्त्रशुद्ध रूप दिले. विमान उलटे असतानाही एंजिन चालू राहावे म्हणून त्याने इंधनपुरवठ्यात सुधारणा केल्या. १९३४ मध्ये पॅरिसजवळील व्हॅन्सेन येथे झालेली जागतिक स्पर्धा त्याने स्वतःच्या कारखान्यातील ‘टिगर’ या द्विपंखी विमानातून जिंकली. याच स्पर्धेत पोर्तुगालचा प्लासिदो द आब्रेउ हा वैमानिक अपघातात मरण पावला. फोके-वुल्फ कंपनीचे ‘श्टीग्लिट्स’ (१९३२) हे विमानही प्रशिक्षण व कसरती या दोन्हींसाठी अनेक देशांत वापरले गेले.

ब्यूकर विमाने : या वर्गातील सर्वांत यशस्वी विमाने कार्ल क्लेमेन्स ब्यूकर (१८९५–१९७६) याच्या कारखान्यात निर्माण झाली. नौदलातील हा माजी वैमानिक काही वर्षे स्वीडनमध्ये विमाननिर्मिती करून आंडर्स आंडरसन या स्वीडिश अभिकल्पकासह जर्मनीत परतला. त्याने १९३३ मध्ये बर्लिनमधील योहानिस्टाल येथे कारखाना काढला व पुढे तो रांग्सडोर्फ येथे नेला. दोन आसनी ‘युंगमान’ विमानाचे पहिले उड्डाण २७ एप्रिल १९३४ रोजी झाले. स्पेन, स्वित्झर्लंड व चेकोस्लोव्हाकियातही ते बांधले गेले. एकट्या जपानने आपल्या भूदल व नौदलासाठी अशी १,३०० हून अधिक विमाने बांधली.

‘युंगमाइस्टर’ हे एक आसनी विमान १९३५ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या चाचणीत लुइझे होफमान (१९१०–१९३५) या महिला वैमानिकेचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी अपघातात झालेल्या जखमांमुळे तिचे निधन झाले. या विमानाच्या पंखांचा विस्तार ६·६ मी., रिकाम्या विमानाचे वजन सु. ४२५ किग्रॅ. व कमाल वेग ताशी सु. २२० किमी. होता. मुख्य प्रकारात सीमेन्स कंपनीचे १६० अश्वशक्तीचे, सात सिलिंडरांचे अरीय एंजिन बसविलेले असे.

रचना व गुणधर्म : आवश्यक क्षेत्रफळ दोन पंखांत विभागल्याने प्रत्येक पंख आखूड ठेवता येतो. वजन मध्याजवळ राहिल्याने निरूढी कमी होते आणि विमान झटकन फिरविता येते. खांब व ताणतारा यांनी जोडलेले दोन पंख मिळून हलकी पण भक्कम चौकट तयार होते; अचानक वळताना येणारा मोठा भार ती सहन करू शकते. तारांमुळे हवेचा रोध वाढतो. सामान्य विमानात हा दोष ठरतो. कसरतीत मात्र सूर मारताना वेग बेसुमार वाढत नाही व सर्व आकृत्या प्रेक्षकांच्या दृष्टिपथात, थोड्या जागेत पूर्ण करता येतात. ब्यूकर विमानांचे धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडी व आच्छादन मुख्यतः कापडाचे असे. चारही पंखांवर एलेरॉन बसविल्याने नियंत्रण हलके व तत्पर होई.

वैमानिक : ओटो फोन हागेनबुर्क याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळची कसरत-स्पर्धा जिंकली. १९३७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे जमिनीलगत उलटे उडताना त्याचे विमान कोसळले. डोक्याला पट्टी बांधून त्याने रूमानियाच्या आलेक्स पापाना याचे युंगमाइस्टर मागून घेतले व प्रयोग पुन्हा केला. पापानाचे हेच विमान पुढे बेव्हर्ली हॉवर्ड या अमेरिकन वैमानिकाने अनेक वर्षे उडविले. १९७१ मध्ये त्यातूनच प्रयोग करताना तो मृत्यू पावला. दुरुस्तीनंतर हे विमान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.

महत्त्व व उत्तरकाळ : क्रीडेच्या नावाखाली चाललेल्या या उड्डाणांतून जर्मनीला प्रशिक्षित वैमानिकांचा साठा मिळाला. १९३५ मध्ये जर्मन विमानदल उघडपणे स्थापन झाल्यावर हीच विमाने लष्करी प्रशिक्षणशाळांत दिसू लागली. ऊडेट विमानखात्यात उच्च पदावर गेला. परंतु त्या जबाबदारीचा भार त्याला पेलवला नाही व १९४१ मध्ये त्याने आत्महत्या केली. महायुद्धाबरोबर ब्यूकरचा कारखानाही संपुष्टात आला. स्विस विमानदलात मात्र युंगमाइस्टर १९६८ पर्यंत सेवेत होते. स्पेनमध्ये ते उडविणाऱ्या होसे लुइस आरेस्ती याने कसरतींच्या आकृत्या कागदावर मांडण्याची चिन्हपद्धती तयार केली व ती आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रूढ झाली. ब्रातिस्लाव्हा येथील १९६० ची जागतिक स्पर्धा चेकोस्लोव्हाकियाच्या एकपंखी विमानाने जिंकली, तेव्हापासून जर्मन द्विपंखी विमानांचे स्पर्धेतील वर्चस्व ओसरले. तथापि हौशी वैमानिकांनी जतन केलेली युंगमान व युंगमाइस्टर विमाने अद्यापही उडताना दिसतात.