खेळणाऱ्या मुलांचे गुण जास्त का दिसतात?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत फुटबॉल संघात, बँडपथकात किंवा वादविवाद मंडळात असणाऱ्या मुलांचे गुण इतरांपेक्षा सरासरीने चांगले असतात, हे तिथल्या अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्यावरून 'पोराला मैदानावर पाठवा, गुण आपोआप वाढतील' असे म्हणणारे भेटतातच. पण त्यांनी मधली एक पायरी गाळलेली असते.

चाळणी आधीच लागलेली

टेक्सास राज्याने १९८४ साली कायदाच केला: 'नो पास, नो प्ले'. एखाद्याही विषयात ७०च्या खाली गुण गेले की सहा आठवडे सामने बंद. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी आरडाओरड केली. फुटबॉल हा तिथला धर्म, त्यामुळे ती होणारच होती. १९९५ मध्ये ही शिक्षा तीन आठवड्यांवर आली. असा नियम असेल तर संघात नापास मुलगा सापडणार कुठून? शिवाय बूट, वाद्ये, सरावाला ने-आण हे सारे परवडणाऱ्या घरांतली मुले अभ्यासातही पुढे असतात. म्हणजे बरेचसे अंतर खेळ सुरू होण्याआधीचेच.

खरा परिणाम किती?

हे अंतर बाजूला काढायचे तर एका मुलाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःशीच करावी लागते. भाग घेत होता तेव्हा कसा होता, घेत नव्हता तेव्हा कसा? अर्थतज्ज्ञ स्टीफन लिप्सकॉम्ब यांनी २००७ मध्ये ती केली. खेळामुळे गणित आणि विज्ञानाच्या चाचण्यांत सुमारे २ टक्के वाढ, मंडळांमुळे गणितात सुमारे १ टक्का. वाढ खरी, पण किरकोळ.

बेट्सी स्टीव्हन्सन यांचा २०१० मधला अभ्यास मला अधिक पटतो. १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे शाळांना मुलींसाठी खेळ सुरू करावे लागले. मुलांचा सहभाग जिथे आधीच मोठा होता, त्या राज्यांना मुलींच्या संधीही जास्त वाढवाव्या लागल्या. मुली हुशार होत्या म्हणून ही वाढ झाली नव्हती, ती कायद्याने लादलेली होती. मुलींचा सहभाग जिथे १० टक्के-अंकांनी वाढला, तिथे कॉलेजात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण साधारण एका टक्के-अंकाने वाढलेले आढळले.

सगळे उपक्रम सारखे नाहीत

मिशिगनमधल्या किशोरांवरचा एकल्स आणि बार्बर यांचा १९९९चा अभ्यास सांगतो, की संघात खेळणारी मुले अभ्यासात बरी होती, पण दारूही जास्त पीत होती. स्वयंसेवा करणाऱ्यांत व्यसने कमी होती.

आपले वाढीव गुण

महाराष्ट्रात उपक्रम आणि गुण यांचे नाते नियमानेच जोडले आहे. दहावीला खेळ, शास्त्रीय कला, चित्रकलेची ग्रेड परीक्षा यांचे वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी असेल तर ७. तेव्हा दहावीच्या निकालपत्रावरून खेळाचा अभ्यासावरचा परिणाम शोधायला बसणाऱ्याने आधी हे गुण वजा करावेत.