खेळ आणि शरीर (लेखांक ७) : ऑगस्टमधली पोटरी

अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू घेऊन समोरच्या गर्दीतून वाट काढणारा खेळाडू. त्याची एकेक धाव काही सेकंदांत संपते. तेवढ्यात तो थबकतो, दिशा बदलतो, पुन्हा वेग घेतो आणि बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या बचावपटूंच्या अंगाखाली जातो. धडक सर्वांना दिसते, म्हणून दुखापतीचा विचारही धडकेपासूनच सुरू होतो. पण या खेळाडूच्या बाबतीत चिंता वाढवणाऱ्या कित्येक दुखापती कोणी हातही लावलेला नसताना होतात. नॅशनल फुटबॉल लीगचा म्हणजे एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधीच्या सरावशिबिरात पोटरी, मांडीचा मागचा स्नायू किंवा टाचेवरची कंडरा कुरकुरू लागते आणि संघाचे सगळे आडाखे तिच्याभोवती फिरू लागतात.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या ख्रिश्चन मॅकॅफ्री याचे. २०२३ च्या हंगामात त्याने २७२ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि १,४५९ यार्ड काढले. त्या वर्षी लीगमध्ये धावून इतके यार्ड दुसऱ्या कोणी काढले नाहीत. शिवाय ६७ झेल, एकूण २१ टचडाउन आणि लीगच्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा किताब. त्यानंतर बाद फेरीचे सामने झाले. ११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध जादा वेळेपर्यंत गेलेल्या लढतीत, तो आणखी तीस वेळा चेंडू घेऊन धावला किंवा पास झेलून पुढे गेला. या यादीत एक नोंद सहज नजरेआड होते. ३१ डिसेंबर २०२३ ला वॉशिंग्टनविरुद्ध त्याची उजवी पोटरी दुखावली होती आणि साखळीतला शेवटचा सामना त्याला सोडावा लागला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पोटरीला ताण आल्याचे प्रशिक्षक काइल शॅनहन यांनी सांगितले, तेव्हा ही जुनी नोंद पुन्हा महत्त्वाची ठरली. तो हंगामपूर्व सामने खेळणार नव्हता. पहिल्या खऱ्या सामन्यापर्यंत तो उभा राहील, अशी अपेक्षा मात्र होती.

पोटरी हा एक स्नायू नाही. वरच्या थरातला गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. गुडघा सरळ करून पायाच्या चवड्यावर जोर दिला की तो सर्वाधिक ताणला जातो, म्हणजे नेमका धावेच्या पहिल्या झेपेत. त्याच्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि घोट्याच्या हालचालीवर काम करतो. वरचा स्नायू दुखावला तर खेळाडूला ते त्याच क्षणी कळते. सोलियसची दुखापत बरेचदा नुसती जडपणासारखी जाणवते. चालताना त्रास होत नाही, सरळ रेषेत हलकी धावही जमते, पण वेग वाढवला किंवा अचानक थांबावे लागले की ती उघडी पडते. म्हणूनच सराव करताना दिसलेला खेळाडू बरा झाला आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

हे दोन्ही स्नायू खाली एकाच कंडरेत मिळतात आणि ती अकिलीस कंडरा टाचेच्या हाडाला जोडलेली असते. धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार तिच्यावर येतो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, कंडरेला तुलनेने कमी. टाचेपासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तो विशेष तोकडा असतो. त्यामुळे स्नायूचा ताण आठवड्यांत भरून आला, तरी कंडरेची झीज महिन्यांच्या हिशेबाने सुधारते. तिची लक्षणेही फसवी असतात. सकाळी उठल्यावर टाच आखडलेली असते, अंग तापले की मोकळी होते आणि सराव संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखू लागते. सराव चालू असतानाच बरे वाटणारे हे दुखणे असल्याने सरावावरून त्याची पारख करणे अवघड जाते.

पोटरी आणि कंडरा यांचा संबंध मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत जगाने पाहिला आहे. बास्केटबॉलपटू केविन ड्युरंट २०१९ मध्ये पोटरीच्या दुखापतीतून परतला आणि १० जूनला, परतीच्या पहिल्याच सामन्यात, त्याची अकिलीस कंडरा तुटली. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची पोटरी २०२३ च्या मे महिन्यातल्या सरावात दुखावली होती आणि ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्ससाठी पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावपेचाला, त्याची कंडरा गेली. एकामुळेच दुसरे घडले, असे दोन उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. पण संघाचे डॉक्टर पोटरीच्या साध्या ताणाकडेही धास्तीने का पाहतात, ते यावरून समजते.

हंगामपूर्व काळच का नाजूक असतो, याचे उत्तर भारातल्या अचानक वाढीत आहे. स्नायू आणि कंडरा हळूहळू वाढणारा भार चांगला पेलतात, एकदम आलेली उडी नाही. २०११ मध्ये संघमालक आणि खेळाडू यांच्या वादातून लीगला मार्चपासून जुलैपर्यंत टाळे लागले. खेळाडूंना संघाच्या जागेत व्यायाम करता येत नव्हता आणि संघाचे फिजिओही भेटत नव्हते. टाळे उघडताच सरावशिबिरे सुरू झाली आणि पहिल्या बारा दिवसांतच दहा खेळाडूंच्या अकिलीस कंडरा तुटल्या. क्रीडावैद्यकात हा प्रसंग आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. त्याच वर्षीच्या नव्या करारात एका दिवशी दोनदा पूर्ण संरक्षक साजात सराव घेण्यावर बंदी आली.

हंगामपूर्व सामन्यांचा निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही, दुखापत मात्र खरीच असते. १९९५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने खेळाडूनिवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला की-जाना कार्टर डेट्रॉइटविरुद्ध आपल्या पहिल्याच हंगामपूर्व सामन्यात तिसरी धाव घेताना कोसळला. त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता आणि पूर्ण हंगाम बुडाला. २०२१ च्या एका ऑगस्टमध्येच जॅक्सनव्हिलच्या ट्रॅव्हिस एटिएनचे पाऊल दुखावले आणि बाल्टिमोरच्या जे. के. डॉबिन्सचा एसीएल गेला, दोघेही हंगामपूर्व सामन्यांत. दोघांनाही त्या वर्षी एकही अधिकृत सामना खेळता आला नाही. त्याच वर्षापासून साखळी सामने सोळाचे सतरा झाले आणि हंगामपूर्व सामने चाराचे तीन. मोठे रनिंग बॅक आता हे सामने बहुधा बाकावर बसून पाहतात. हा निर्णय रास्त आहे, पण त्याने प्रश्न अर्धाच सुटतो. धडका टळतात, पण सामन्याच्या वेगाची सवयही मिळत नाही आणि ती उडी मग थेट सप्टेंबरमध्ये घ्यावी लागते.

बाहेरच्यांना या काळात कळते तेही थोडेच. दुखापतींचा अधिकृत अहवाल देणे संघांवर पहिल्या साखळी सामन्याच्या आठवड्यापासूनच बंधनकारक असते. त्यात खेळाडूने पूर्ण सराव केला, मर्यादित केला की केलाच नाही, याची रोजची नोंद असते आणि शेवटी तो ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’ की ‘आउट’, हे जाहीर होते. ऑगस्टमध्ये यातले काहीच नसते, असतात ती फक्त प्रशिक्षकांची पत्रकार परिषदेतली वाक्ये. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये, हीही प्रशिक्षकांची गरज असते. म्हणून त्या काळातली ‘दोन आठवडे’ ही मुदत वैद्यकीय निदानापेक्षा अंदाज म्हणून वाचणे बरे.

मॅकॅफ्रीच्या बाबतीत अंदाज चुकला. ९ सप्टेंबर २०२४ ला सांता क्लारा येथे जेट्सविरुद्धच्या सामन्याच्या दीड तास आधी तो खेळणार नसल्याचे जाहीर झाले. तोवर नोंदीत पोटरीच्या जोडीला अकिलीसही आली होती. १४ सप्टेंबरला त्याला जायबंदींच्या यादीत टाकण्यात आले. या यादीत गेलेल्या खेळाडूला किमान चार सामने बाहेर राहावे लागते, त्याला जेट्सविरुद्धचा धरून आठ सोडावे लागले. दोन्ही पायांच्या कंडरांना त्रास असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि उपचारांसाठी तो जर्मनीतल्या तज्ज्ञाकडे जाऊन आला.

कंडरेच्या अशा दुखण्यावर नुसती विश्रांती पुरत नाही, कारण भारच न मिळालेली कंडरा आणखी दुबळी होते. स्वीडनचे शल्यविशारद हाकन अल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायामक्रम अजूनही पाया मानला जातो. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी पंधराची तीन आवर्तने, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा, आणि असे बारा आठवडे. सरावशिबिर आणि पहिला सामना यांच्यात जेमतेम सहा आठवडे असतात. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये लक्षात आलेले कंडरेचे दुखणे सप्टेंबरपर्यंत मिटण्याची शक्यता का कमी असते, हे या दोन मुदती शेजारी ठेवल्यावर दिसते.

जेट्सविरुद्ध मॅकॅफ्रीच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने २८ धावांत १४७ यार्ड काढले आणि संघ ३२-१९ असा जिंकला. एका सामन्यापुरती जागा भरली, हंगामभर मात्र भरली नाही. आदल्या वर्षी सुपर बोल गाठणारा संघ ६ विजय आणि ११ पराभवांवर थांबला. त्यामागे इतर खेळाडूंच्या दुखापतीही होत्या. मॅकॅफ्री १० नोव्हेंबरला टॅम्पा बे विरुद्ध परतला आणि चार सामने खेळला. १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात त्याच्या उजव्या गुडघ्यातला पीसीएल हा मागचा अस्थिबंध दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. वर्षभरातल्या ५० धावांत त्याच्या नावावर २०२ यार्ड लागले. गुडघ्याची ही दुखापत वेगळ्या ऊतीची होती, तिचा दोष टाचेवर टाकण्याजोगा पुरावा नाही.