निवडण्याची किंमत

बियाणं प्रक्रिया केंद्रात ग्रॅव्हिटी सेपरेटर नावाचं एक यंत्र असतं. जाळीचं तिरकं टेबल सारखं थरथरत असतं आणि खालून हवेचा झोत येत असतो. पोचट, किडकं, हलकं बी त्या झोतावर तरंगत उताराकडे घसरतं; भरीव दाणा जाळीला टेकून राहतो आणि थरथरीबरोबर हळूहळू चढाकडे सरकतो. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून जालन्याचं नाव बियाण्याशी जोडलं गेलं, आणि बियाण्याचा धंदा हा पिकवण्याइतकाच निवडण्याचा धंदा आहे. याच शहरात 2018 साली मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा (आयसीटीचा), म्हणजे जुन्या पिढीच्या यूडीसीटीचा, मराठवाडा परिसर सुरू झाला. केमिकल इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंग, खत, सॉल्व्हंट यांचे कारखाने येतात. औषधी प्रथिनं हा डॉक्टरांचा किंवा जीवशास्त्रज्ञांचा प्रांत, असा आपला समज. प्रथिन घडवण्यापुरता तो बराचसा खराही आहे. पण रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कुपीची किंमत घडवण्यात कमी आणि निवडण्यात जास्त ठरते, आणि ही निवड मुख्यतः इंजिनिअरचं काम आहे.

इन्सुलिनचीच गोष्ट घ्या. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. साखर फारशी उतरली नाही आणि सुई टोचली तिथे गळू मात्र झालं. अर्कात इन्सुलिन होतं, पण त्याबरोबर नको ते बरंच काही होतं. जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण कमीजास्त करत त्यातली घाण काढली आणि 23 जानेवारीला त्याच मुलाला पुन्हा इंजेक्शन दिलं. या वेळी साखर उतरली. शोधाचं श्रेय बँटिंग आणि बेस्ट यांच्या नावाला चिकटलं, पण मुलाला उपयोगी पडली ती कॉलिपची निवड. आज जनुक बदललेल्या जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घेता येतं. तरी त्या जिवाणूच्या पेशीत स्वतःची हजारो प्रथिनं असतात आणि त्यांतून आपलं एक वेचावं लागतंच. अशा औषधांच्या उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा शुद्धीकरणात जातो, काही प्रथिनांच्या बाबतीत तर 80 टक्क्यांपर्यंत. कारण साध्या गुणाकारात आहे. शुद्धीकरणाच्या एका पायरीत 90 टक्के माल हाती राहतो असं धरलं, तरी पाच पायऱ्यांनंतर 59 टक्केच उरतो. पायरीला 80 टक्केच राहत असेल, तर शेवटी एक तृतीयांशाहूनही कमी.

निवडण्याचं मुख्य साधन म्हणजे क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: एक उभी काचेची नळी आणि तिच्यात ओल्या रव्यासारखे दिसणारे पांढरे मणी. एकेक मणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आतून सच्छिद्र. मण्यांच्या अंगावर विद्युतभार असेल, तर प्रथिनांचं मिश्रण वरून सोडल्यावर उलट भाराची प्रथिनं मण्यांना धरून बसतात आणि बाकीची वाहून जातात. मग मिठाचं पाणी थोडं थोडं तीव्र करत सोडलं, की सैल धरलेलं प्रथिन आधी सुटतं, घट्ट धरलेलं नंतर. खाली एकामागून एक परीक्षानळ्या भरत जातात. डोळ्यांना सगळ्याच नळ्यांतलं पाणी सारखं दिसतं; अतिनील प्रकाशाखाली मात्र पडद्यावर एकेक डोंगर उठतो आणि कुठल्या नळीत माल आहे ते कळतं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीतून पानांचे रंग असे वेगळे केले, म्हणून या पद्धतीच्या नावात रंग आहे. प्रथिनं अशी वेचायला सोयीचा पदार्थ हवा होता. 1956 मध्ये पीटरसन आणि सोबर या संशोधकांनी तो सेल्युलोजपासून बनवला. सेल्युलोज म्हणजे जालन्याच्या कापसाचं जवळजवळ सगळं अंग.

माटुंग्याच्या आयसीटीत प्रा. अरविंद लाली यांनी ज्या अडचणीला हात घातला, ती इथूनच सुरू होते. मणी ठासून भरलेल्या नळीत गढूळ द्रव सोडला की ती तुंबते, म्हणून आधी पेशींचा चोथा सेंट्रिफ्यूजने काढा, मग गाळा, मग द्रव आटवा आणि शेवटी स्तंभात सोडा. म्हणजे खरी निवड सुरू व्हायच्या आतच दोन-तीन पायऱ्यांची गळती. यावरचा उपाय म्हणजे द्रव वरून न सोडता खालून सोडणं. मणी उचलले जातात, थर फुगून दुप्पट-तिप्पट उंच होतो आणि मण्यांमधल्या मोकळ्या जागेतून चोथा निघून जातो. प्रथिन तेवढं मण्यांना धरून राहतं. याला एक्स्पांडेड बेड म्हणतात. ग्रॅव्हिटी सेपरेटरवर हवा जे करते, ते इथे द्रव करतो. पण त्यासाठी मणी जरा जड हवा, नाहीतर प्रवाहाबरोबर तोही जाईल. कडक हवा, नाहीतर दाबाखाली चेपेल. आणि त्याची छिद्रं इतकी रुंद हवीत की मोठं प्रथिनही झटकन आत शिरेल. लाली यांच्या प्रयोगशाळेने आडव्या बंधांनी कडक केलेल्या सेल्युलोजचे, रुंद छिद्रांचे मणी बनवले आणि असा मणी फुगलेल्या थरात जास्त चांगलं काम करतो हे 2000 सालच्या सुमारास दाखवून दिलं. बाहेरून मणी आणून वापरणं आणि मणी कसा असावा हे स्वतः ठरवून तो घडवणं यांत मोठं अंतर आहे, आणि माझ्या मते या कामाचं मोल त्या अंतरात आहे.

यावर जाणकार म्हणतील, ही पद्धत कारखान्यांत फारशी रुजलीच नाही. ते खरं आहे. नव्वदच्या दशकात तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात पेशींचे चिकट अवशेष मण्यांनाच चिकटू लागले, थर नीट फुगेना, आणि दरम्यान गाळण्याची यंत्रं सुधारली. खुद्द लाली यांचं पुढचं काम डीबीटी-आयसीटी ऊर्जा जैवविज्ञान केंद्रात पिकांच्या उरलेल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याकडे वळलं. त्या तंत्राचा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा राहिला. पण म्हणून मण्यांवरचं काम वाया गेलं असं ठरत नाही. मण्याची छिद्रं, कडकपणा, प्रथिन आत शिरायचा वेग ही गणितं ठासलेल्या स्तंभालाही तशीच लागू पडतात.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: गरीब देशाला हे महागडे स्तंभ हवेत कशाला? सर्पदंशावरचं प्रतिविष बघा. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषाचे छोटे डोस देतात आणि त्याच्या रक्तातून प्रतिपिंडं काढतात. यात क्षार घालून साका बसवण्याची जुनी रीत स्तंभाशिवाय चालत आली आहे. कॅप्रिलिक आम्ल वापरलं तर उलट नको असलेली प्रथिनं तळाला बसतात आणि प्रतिपिंडं द्रवातच राहतात. ही रीत स्वस्तही आहे आणि चांगलीही. जिथे साक्याने भागतं तिथे स्तंभाचा हट्ट धरू नये, हे मला मान्य आहे. मात्र तेवढ्याने सगळीकडे भागत नाही. कर्करोगावरची प्रतिपिंडं रुग्णाला महिनोन्महिने टोचायची असतात, आणि त्यांत परकं प्रथिन अगदी अत्यल्प राहिलेलंच चालतं. साका बसवून तिथपर्यंत पोचता येत नाही.

आणि या सगळ्याचं जालन्याला काय? बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, ती क्राय1एसी या प्रथिनाच्या बळावर. तेव्हा बोंडअळी ते खाऊन मरत असे. बियाण्यात किंवा पानात ते आहे की नाही, हे तपासायला कागदी पट्टी मिळते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा तपासणीचे संच बनवले आहेत. पानाचा तुकडा छोट्या नळीत द्रावणासह चेचायचा, पट्टी बुडवायची आणि काही मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर प्रथिन आहे, एकच उमटली तर नाही. ती रेघ उमटवतात प्रतिपिंडं, आणि प्रतिपिंडं मिळवण्यासाठी आधी प्राण्याला शुद्ध क्राय प्रथिन टोचावं लागतं. टोचलेल्या प्रथिनात ते बनवणाऱ्या जिवाणूची भेसळ राहिली, तर त्या भेसळीविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात आणि पट्टीवरची रेघ भरवशाची राहत नाही. शेतकऱ्याच्या हातातली ती पट्टी कुठल्यातरी स्तंभातून नीट निवडलेल्या प्रथिनावर उभी आहे.

राहिला पैशांचा हिशेब. प्रतिपिंडं पकडायला सर्रास वापरतात ते प्रोटीन ए लावलेले मणी, आणि त्यांचा भाव लिटरला काही लाख रुपये आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण हिशेब लिटरवर करायचाच नसतो. लिटरचा भाव भागिले मणी किती वेळा वापरता आले, हा तो हिशेब. प्रत्येक खेपेनंतर स्तंभ कॉस्टिक सोड्याने धुतात. त्या धुण्यात मण्यावरचं प्रोटीन ए हळूहळू झिजतं, कारण तेही शेवटी प्रथिनच. मणी सेल्युलोजचा असेल, तर त्याचं अंग मात्र टिकून राहतं. कापडगिरण्यांत सूत पिढ्यान्‌पिढ्या याच कॉस्टिकमध्ये उकळत आलं आहे. त्यामुळे मण्याच्या अंगावर आणखी काय बसवलं, म्हणजे ते प्रथिन पकडेल आणि कॉस्टिकलाही पुरून उरेल, हा प्रश्न प्रयोगशाळेचा तेवढाच कुपीवर छापलेल्या किमतीचाही आहे.