चक्कर डोळ्यांत दिसते

चक्करेचा पेशंट सहसा रिकाम्या हाताने येत नाही. पिशवीत एमआरआयची भलीमोठी फिल्म, मानेचे एक्स-रे, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे कागद असतात. कुणाच्या गळ्यात मानेचा पट्टाही असतो. आपल्याकडे चक्कर आली की आधी बीपी, मग पित्त, मग मानेचे मणके आणि तिथेही काही सापडलं नाही की मेंदूचा फोटो, असा क्रम ठरूनच गेला आहे.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बॅलन्स क्लिनिकमध्ये बसून मी हे काम बघत होते. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाई ती पिशवी घेतात आणि न उघडता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात. पेशंटला ते रुचत नाही. हजारो रुपये मोजून काढलेला फोटो कुणी असा बाजूला सारला तर वाईट वाटणारच.

"ते बघू नंतर, काकू. चक्कर कधी येते ते सांगा."

"कूस बदलली की. आणि दोरीवरचे कपडे काढायला वर बघितलं की."

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"आणि किती वेळ टिकते?"

"पाच मिनिटं तरी!"

पाच मिनिटांवर डॉक्टरबाईंचा विश्वास बसत नाही, पण त्या तसं म्हणत नाहीत. गरगरणाऱ्या माणसाचं घड्याळ नेहमीच पुढे असतं. काकूंना काय होतं, म्हणजे खोली फिरते की डोकं हलकं होतं, यावरही त्या फार रेंगाळत नाहीत. पेशंट त्याचं उत्तर दर खेपेला वेगळं देतात. कशाने सुरू होते आणि कधी थांबते, हे मात्र सहसा बदलत नाही.

मग काकूंना तपासणीच्या टेबलावर लांब पाय करून बसवलं जातं. डॉक्टरबाई त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे 45 अंश वळवतात आणि झटक्यात मागे आडवं करतात, इतकं की डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं. "डोळे मिटायचे नाहीत. काहीही झालं तरी माझ्याकडे बघा." पहिले काही सेकंद काहीच घडत नाही. त्यानंतर काकूंची बुबुळं हलायला लागतात. ती नुसती डावी-उजवीकडे जात नाहीत, तर खालच्या, म्हणजे उजव्या कानाच्या दिशेने पीळ घेत वरच्या बाजूला झटके देतात. काकू डॉक्टरबाईंचा दंड घट्ट पकडतात, "अगं आई गं" म्हणतात. झटके वाढतात, मंदावतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतात. टेबलाभोवती उभे असलेले शिकाऊ डॉक्टर मनातल्या मनात सेकंद मोजत असतात.

निदान इथेच झालं. आपल्या आतल्या कानात चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, बारीक स्फटिकांचा एक थर असतो. खाली कुठे आहे, ते त्याच्या वजनामुळे कळतं. वय झालं, डोक्याला मार लागला किंवा काही कारण नसतानाही त्यातले काही स्फटिक सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत जाऊन पडतात. मान हलली की ते नलिकेतल्या द्रवाला ढकलतात. माणूस स्थिर असतानाही मेंदूला तो फिरत असल्याचा निरोप जातो आणि मेंदू त्यावर विश्वास ठेवून डोळे हलवतो. हे स्फटिक मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढे. कट्ट्यावरच्या त्या फिल्ममध्ये ते दिसणं शक्यच नव्हतं. फोटो खोटा नव्हता, प्रश्न चुकीच्या जागी विचारला होता.

उपचारही त्याच टेबलावर होतो. डोकं तसंच लोंबतं ठेवून सावकाश डावीकडे वळवायचं, थांबायचं. मग काकूंना डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायचं, पुन्हा थांबायचं आणि मग उठवून बसवायचं. नलिकेच्या वळणावळणाने स्फटिक मूळ घरी घरंगळत नेण्याची ही युक्ती. ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्लींची. ऐंशीच्या दशकात ते ती सांगत फिरत होते तेव्हा बऱ्याच सहव्यावसायिकांनी ती हसण्यावारी नेली. त्यांचा शोधनिबंध 1992 साली आला. ज्या तपासणीने निदान झालं ती डिक्स आणि हॉलपाइक यांची, लंडनमधली, 1952 सालची. दोन्हींना वीज लागत नाही. तरीही चक्करेवरच्या बेटाहिस्टिनच्या गोळ्या महिनोन् महिने चालू असलेले पेशंट या खोलीत इतके येतात की एखाद्याने त्यांना एकदा तरी आडवं का केलं नाही, असं वाटून राग येतो.

पलीकडच्या खोलीत कानात पाणी सोडायची तपासणी होते. ती मी स्वतःवर करून घेतली. डोळ्यांवर इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा गॉगल, आत पूर्ण काळोख, आणि कानात 30 अंश सेल्सिअसच्या पाण्याची बारीक धार. "ताई, भाज्यांची नावं सांगत राहा," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. मन सुस्तावलं की डोळ्यांचे झटकेही दबतात, म्हणून हा उद्योग. मेथी, शेपू, चाकवत, करडई इथवर ठीक होतं. पुढे टेबलासकट कुणीतरी मला कुशीवर लोटतंय असं वाटू लागलं आणि अळू आठवेना. तिने गॉगलचं झाकण काढून एका दिव्याकडे बघायला लावलं, तशी गरगर ओसरली. आतल्या कानाची चक्कर नजर रोवली की दबते. रोवूनही दबली नाही तर लहान मेंदूबद्दल शंका घ्यायची.

या तपासणीचं मूळ व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्याकडे जातं. कान धुताना पेशंट चक्कर आल्याची तक्रार करत. पाणी गार असलं की डोळ्यांचे झटके एका दिशेला आणि फार गरम असलं की उलट दिशेला, हे त्यांच्या लक्षात आलं. बंबात होतं तसंच कानातही गरम द्रव वर चढतो आणि गार तळाला जातो, असा उलगडा त्यांनी केला. 1914 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. 1983 साली अंतराळात, जिथे वर-खाली असं काही नाही, तिथेही ही तपासणी लागू पडली. म्हणजे बंबाचा हिशेब पूर्ण नव्हता.

मग मेंदूच्या फोटोचं काय? ते काम वेगळं आहे आणि रंजकही. नव्वदच्या दशकात म्युनिकचे थॉमस ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तोल ढळवताना मेंदूत काय होतं, ते स्कॅनमध्ये पाहिलं. दृष्टीला जसं मेंदूच्या मागच्या बाजूला स्वतःचं घर आहे, तसं तोलाला एकच घर नाही. आत दडलेल्या इन्सुला नावाच्या भागाच्या मागच्या टोकाशी मुख्य हालचाल दिसते. आतला कान चाळवला की दृष्टीचा भाग मंदावतो. डोळ्यांसमोर सगळं फिरवलं की तोलाचा. दोन साक्षीदार भांडायला लागले की मेंदू एकाला गप्प करतो.

पण खुद्द यंत्राचीच एक गंमत आहे. 2011 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी निरोगी माणसांना 7 टेस्लाच्या एमआरआयमध्ये अंधारात नुसतं झोपवलं, तर त्यांचे डोळे झटके देऊ लागले. कानातल्या द्रवातून सतत वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाला चुंबक ढकलतं. ज्यांचे दोन्ही आतले कान निकामी होते, त्यांचे डोळे मात्र शांत राहिले. चक्कर तपासायला गेलेलं यंत्र स्वतःच थोडी चक्कर देतं!

एवढ्यावरून एमआरआय निरुपयोगी असं कुणी म्हणू नये. दुपारी व्हीलचेअरवर पन्नाशीचे एक गृहस्थ आले. पहाटेपासून सतत गरगरणं, उलट्या, बसलं तरी तोल जाणं. काकूंची तपासणी इथे लागू नव्हती, कारण यांची चक्कर थांबतच नव्हती. डॉक्टरबाईंनी त्यांना आपल्या नाकावर नजर ठेवायला सांगितलं आणि त्यांचं डोकं अगदी थोडं, पण झटकन, एका बाजूला फिरवलं. डोळे नाकावरून ढळले नाहीत. दुसऱ्या बाजूलाही तेच. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "नॉर्मल आहे, मॅडम." डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरला. कान बिघडला असता तर डोळे नाकावरून निसटून मग परत आले असते. सतत चक्कर आहे आणि ही तपासणी चोख, म्हणजे दोष कानाच्या पुढे, मेंदूत असण्याची भीती. गृहस्थांना डावीकडे बघायला सांगितलं तर झटके डावीकडे. उजवीकडे बघितलं तर उजवीकडे. दिशा बदलणारा निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांचे झटके. अर्धांगवायूची दुसरी खूण.

डॉक्टरबाई सीटी स्कॅनवर विसंबून राहिल्या नाहीत. लहान मेंदूभोवतीच्या जाड हाडांमुळे सीटीत तिथलं नीट दिसत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या पिओरियाच्या डॉ. काताह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की अशा पेशंटमध्ये पहिल्या 48 तासांत काढलेला एमआरआयसुद्धा काही वेळा अर्धांगवायू चुकवतो आणि जाणत्या हाताने केलेली डोळ्यांची तपासणी त्याच्या पुढे जाते. जाणत्या हाताने, ही अट महत्त्वाची. घाईतल्या कॅज्युअल्टीत ती रोज पुरी होत नाही.

डॉक्टरबाईंनी एमआरआयचा फॉर्म स्वतः भरला. डिफ्यूजन पद्धतीची चित्रं हवीत, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ बारकाईने बघावा, असं लिहिलं. न्यूरोलॉजीला फोन लावला. मग फॉर्म शिकाऊ डॉक्टरच्या हातात देत म्हणाल्या, "यांच्याबरोबर तू जा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी घरी सोडू द्यायचं नाही. परवा पुन्हा काढायचा, हे केसपेपरवर आत्ताच लिही."