वर्तमानाशी करार

गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मनोविकारचिकित्सेवर फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाची अशी हुकमत होती, की रुग्णाच्या आजच्या दुःखाचे मूळ त्याच्या शैशवातील एखाद्या विस्मृत आघातात शोधावे आणि त्याच्या वर्तनाविषयी बरेवाईट मत देण्याच्या फंदात पडू नये, हाच चिकित्सकाचा धर्म मानला जाई. या रिवाजाला उघड हरकत घेणारे विल्यम ग्लासर (१९२५–२०१३) मूळचे रसायन-अभियंता. पुढे वैद्यकाकडे वळून लॉस एंजलिस येथे मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेत असता, जी. एल. हॅरिंग्टन या गुरूंच्या पाठबळावर त्यांनी निराळी वाट धरली आणि १९६५ साली ‘रिॲलिटी थेरपी’ या ग्रंथात ती सविस्तर मांडली.

या वास्तव-चिकित्सेची खरी कसोटी लागली ती कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथे, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलींच्या सरकारी सुधारगृहात. दुष्ट वा दुबळे आईबाप, हलाखी, वाईट संगत अशी जी कैफियत या मुली मांडीत, ती पुष्कळदा अक्षरशः खरी असे. परंतु ती खरी आहे एवढ्यावरून ती आजच्या वर्तनाची सबब म्हणून मंजूर करणे म्हणजे त्या मुलीला कायमची तिच्या भूतकाळाच्या ताब्यात देणे होय, अशी ग्लासर यांची धारणा होती. म्हणून ते विचारीत: तू सध्या काय करते आहेस, आणि त्याने तुला हवे ते मिळते आहे काय? निवाडा मुलीनेच करावयाचा. त्यानंतर तिच्या आवाक्यातील एखादा लहानसा बेत दोघांनी मिळून आखावयाचा आणि तो पार पाडण्याचा तिने शब्द द्यावयाचा. शब्द मोडला तर सबब विचारायची नाही, अपमान करायचा नाही, आणि तिचा नाद तर मुळीच सोडायचा नाही. बेत पुन्हा आखायचा.

हा सारा व्यवहार कोरड्या हिशेबासारखा वाटेल, पण त्याच्या आधीची पायरी विसरली तरच. चिकित्सकाने प्रथम त्या व्यक्तीशी खराखुरा जिव्हाळा जोडला पाहिजे, असा ग्लासर यांचा आग्रह होता. आपली कोणाला तरी पर्वा आहे, याची खातरी पटल्यावाचून कठोर प्रश्न ऐकून घेण्याचे बळ कोणातही येत नाही. जबाबदारीची त्यांची व्याख्याही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे: आपल्या गरजा भागवाव्यात, मात्र इतरांच्या गरजा भागण्याच्या आड न येता. मला तर हा रुग्णाचा मोठा सन्मान वाटतो, कारण जो बदलू शकतो असा आपला विश्वास असतो, त्यालाच आपण जबाबदार धरतो.

पुढे या विचाराला सिद्धांताची बैठक मिळाली. जगणे, प्रेम, सामर्थ्य, स्वातंत्र्य आणि आनंद या पाच मूलभूत गरजा त्यांनी मानल्या, आणि वर्तनाला चारचाकी मोटारीची उपमा दिली: कृती व विचार ही पुढची चाके, भावना व शरीरक्रिया ही मागची. सुकाणू पुढच्या चाकांनाच वळवते; म्हणून खिन्नतेला थेट हात घालण्यापेक्षा कृती बदलावी, मागची चाके त्यामागोमाग वळतात.

मात्र येथेच ग्लासर यांचे पाऊल हद्दीबाहेर गेले, असे म्हणणे भाग आहे. तीव्र मनोविकारांतील मेंदूच्या बिघाडाचा वाटा नाकारून, २००३ साली त्यांनी औषधाधिष्ठित मनोविकारशास्त्रापासून सावध राहण्याचा इशारा देणारे पुस्तकच लिहिले. छिन्नमनस्कतेसारख्या विकाराने ग्रासलेल्या माणसाला औषधांचा आधार नाकारून केवळ निवड बदलण्यास सांगणे, हे त्याच्यावर न केलेल्या अपराधाची जबाबदारी लादण्यासारखे आहे, आणि ज्याच्या प्रतिष्ठेसाठी ही पद्धती जन्माला आली, त्याच्यावरच तो अन्याय ठरतो.